बसलं?

रविवारी दुपारी भाचा आला, डायनिंग टेबलावर वर्तमानपत्राची पुडी उलगडली आणि म्हणाला, "मावशी, ह्या अशा चार करून घ्यायच्यात."

पुडीत काळ्या प्लास्टिकच्या दोन बांगड्या होत्या. एक तडकलेली, दुसरी एका अंगाने वितळून आत वळलेली. सवयीने मी त्यातल्या त्यात धड होती ती हातात चढवायला गेले. अंगठ्याच्या हाडापाशी अडकली. माझं माप दोन-सहा. ही दोन-चार आणि दोन-सहाच्या मधली कुठलीतरी.

"अठ्ठावन्न पॉइंट एक," भाचा म्हणाला. "फियाटच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोलाचं, माप आहे ते. काढ ना आता."

साबण लावून काढली.

त्याच्याकडे एक पालिओ आहे. १.६ जीटीएक्स, कुर्ल्याला बनायच्या तेव्हाची. तो तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, तिला 'ते' म्हणते. "ते घेऊन गेलाय सकाळपासून," असं. पालिओ म्हटलं की आमच्या पिढीला आधी सचिन आठवतो, जाहिरातीत तोच होता. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फियाटने त्याला फेरारी दिली, तीही फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरच्या हातून. त्या फेरारीचं आयात शुल्क माफ करावं की नाही यावरून आमच्या बँकेत दोन तट पडले होते आणि शेजारच्या काउंटरवरचा माणूस आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. असो. फेरारी सचिनला गेली. भाच्याला वीस वर्षांनी तिसऱ्या मालकाकडून पालिओ मिळाली आणि तेव्हापासून त्याचा सगळा पगार तिच्या पोटात जातो.

बांगड्यांचं प्रकरण त्याने मला नाशिक हायवेइतकं लांबवून सांगितलं, मी थोडक्यात सांगते. फियाटच्या चाकाचे चार बोल्ट ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. बाजारात देखणी अलॉय चाकं मिळतात ती १०० च्या वर्तुळावरची. दोन मिलिमीटरसाठी देखणेपण कोण सोडतो? त्याने ती चाकं घेतली आणि गळ्यातली चकती जराशी सरकते असे खास बोल्ट मागवले. बोल्ट बसले. पण चाकाच्या मधलं भोक ७३.१ चं आणि गाडीचा हब ५८.१ चा. मध्ये सगळीकडून साडेसात मिलिमीटर हवा. ती हवा भरायला ही बांगडी. नाहीतर चाक केंद्रात राहत नाही आणि ८५ च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

"पण घोडबंदर रोडला ८५ चा वेग मिळतो कुठे तुला?"

"म्हणूनच पहाटे पडघ्यापर्यंत जाऊन यावं लागतं," तो गंभीरपणे म्हणाला. थरथर आहे की गेली एवढं बघायला हा मुलगा पहाटे पाचला उठून भिवंडी ओलांडतो. शाळेला सातला उठत नव्हता.

प्लास्टिकच्या बांगड्या तयार मिळतात, पण ब्रेक तापले की त्यांचं हे असं होतं. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या करून घ्यायच्या. लेथवाला हवा. आणि लेथवाला म्हणजे ठाण्यातली वागळे इस्टेट, आणि वागळे इस्टेट म्हणजे मावशी, असा त्याचा हिशोब. चुकीचा नव्हता. माझं लहानपण कामगार हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, लेथवर टर्नर होते. त्यांच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारची, आमच्या शाळेला रविवारची. त्यामुळे वडील घरी असलेला दिवस आणि आपण घरी असलेला दिवस हे दोन वेगवेगळे असतात, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं.

निघालो. मला त्या गाडीत बसायला आवडत नाही, हे मी त्याला सांगत नाही. कारण वेगळं आहे. मला खडखड सहन होत नाही. कुठलीही. एसटीत खिडकीची काच वाजायला लागली की मी तिकिटाची घडी करून फटीत खुपसायची. जुनी तिकिटं त्यासाठी उत्तम होती, जाडसर, आणि कंडक्टर दोनतीन एकदम फाडून द्यायचा. आता मशीनमधून येतं ते तिकीट म्हणजे कांद्याचं साल, आठ घड्या घातल्या तरी काच ऐकत नाही. भाच्याच्या गाडीत डॅशबोर्डाच्या पोटात कुठेतरी काहीतरी वाजतं. चाकातली थरथर त्याला ८५ ला कळते, ही खडखड दहाच्या वेगाला असून त्याला ऐकू येत नाही. मी पर्समधलं औषधाच्या दुकानाचं बिल काढलं, घडी केली आणि एसीच्या जाळीशेजारी दाबून बसवलं. थांबली.

वागळे इस्टेट ओळखू येईना. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत ही, असं अण्णा अभिमानाने सांगायचे, जणू कोनशिलेचा दगड यांनीच उचलला होता. आता रोड नंबर १६ वर काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं दुपारी तीनला नाश्ता करत उभी असतात. पण आत, दोन इमारतींच्या मधल्या बोळात शिरलं की गाळे आहेत अजून. तिसऱ्या गाळ्याच्या दारात पोचले आणि मी थांबले.

वास आला. कूलंटचा. पाण्यात कालवलं की दुधासारखं पांढरं होतं ते तेल. अण्णांच्या शर्टाला हाच वास असायचा, धुतल्यावरसुद्धा. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना हाच वास येतो.

मिस्त्री साठीचे असतील. भाच्याने मोबाइलवर त्रिमितीय का कायसं चित्र दाखवलं, ते चित्र बोटाने गरागरा फिरत होतं. मिस्त्रींनी मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाले, "चाक आणलंय का?" आणलं होतं. डिकीतून काढलं. त्यांनी व्हर्नियर घेऊन भोक तीन जागी मोजलं, तिन्ही वेळा काही बोलले नाहीत. मग बाहेर जाऊन जॅक लावून गाडीचं एक चाक उतरवलं आणि हबही मोजला. आधी होता तसा मोजला, मग पॉलिश पेपरने त्यावरचा गंज पुसून पुन्हा मोजला.

"तुम्ही अठ्ठावन्न एक म्हणता, इथे गंजासकट अठ्ठावन्न दोन होता," म्हणाले. "गंजाच्या मापाने करून दिलं असतं तर?"

भाच्याने मान खाली घातली. त्याच दमात त्याने ब्रेकच्या कॅलिपरसाठी एक पट्टी करून मिळेल का, असंही विचारून घेतलं. मोठ्या गाडीचे ब्रेक लावायचे आहेत म्हणे. मिस्त्रींनी हात धुवायला घेतले. "ब्रेकच्या कामाला आपण हात लावत नाही. चाक थरथरलं तर तुम्ही परत याल. ब्रेक गेला तर कोण येणार?" मला तो माणूस एकदम आवडला.

(भाचा पूर्वी असाच एक सायलेन्सर बसवून आला होता. आवाजाने सोसायटीतली कुत्री जिन्याखाली जायची. दंड झाला तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दोन्ही त्याला तोंडपाठ झाले. मूळ बनावटीच्या नोंदीत असेल त्यात फेरफार करायचा नाही. सायलेन्सर उतरला, सध्या तो बहिणीच्या पलंगाखाली आहे.)

लेथ सुरू झाला. अ‍ॅल्युमिनियमचा गोळा चकमध्ये फिरायला लागला आणि टूल टेकताच त्याचा चंदेरी कीस सुटला, एकसंध, कुरळा. मी नकळत वाकले. लहानपणी अण्णा असा कीस खिशातून आणायचे, आम्ही दोघी बहिणी तो गणपतीच्या आराशीला वापरायचो आणि बोटं कापून घ्यायचो. पहिली बांगडी तयार होताच भाचा व्हर्नियर घेऊन पुढे सरसावला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"थांबा. गरम जॉब मोजू नये."

जॉब म्हणजे मशीनवर चढवलेला तुकडा. हे वाक्य मी चाळीस वर्षांनी ऐकलं. अण्णा हे घरात म्हणायचे. आईशी भांडण झालं की चप्पल घालत म्हणायचे, "गरम जॉब मोजू नये," आणि उपवन तळ्यापर्यंत चालत जाऊन यायचे. आईला वाटायचं ते तिला जॉब म्हणतात. त्यावरून पुढचं भांडण.

जॉब गार झाला. मिस्त्रींनी बांगडी हबवर ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. ती हळूच, हवा बाहेर ढकलत, आत गेली. 'टक्' असा आवाजसुद्धा नाही.

"बसलं?" भाच्याने विचारलं.

"बसलं," मिस्त्री म्हणाले. "तेलाचा हात लावून बसवा. नाहीतर पावसाळ्यानंतर निघायचं नाही."

बसलं. ह्या शब्दावर मी घरी येईपर्यंत अडकले होते. कासाराने चढवलेली बांगडी बसते, शिंप्याने शिवलेला ब्लाउज बसतो किंवा बसत नाही, पेटीवर चाल बसते, नव्या सुनेची घडी बसते. आणि ऐंशीच्या दशकात एक दिवस अण्णा दुपारीच घरी आले, डबा न उघडलेला, आणि आईला म्हणाले, "कंपनी बसली." मी सातवीत होते. मला वाटलं चांगलं काहीतरी झालं.

त्याच्या आधीची एक दिवाळी आहे. आईचा पितळी सोऱ्या कोल्हापूरकडचा, तिच्या आईकडून आलेला. त्याची चकलीची चकती भांडी घासताना मोरीतून गेली. ठाण्यातली सगळी भांड्यांची दुकानं पालथी घातली, एकही चकती बसेना. कुठली आत पडायची, कुठली तोंडावरच अडायची. अण्णांनी सोऱ्याच्या आत दोन बोटं फिरवली, कागदावर काही आकडे लिहिले आणि चौथ्या दिवशी डब्यातून, भाजीच्या पुडाखालून, पितळेची एक चकती काढून ओट्यावर ठेवली. मधली चांदणी कानसून काढलेली. आठ टोकांची. बाजारच्या चकत्यांना पाच किंवा सहा असतात. कंपनीच्या मशीनवर कंपनीच्या वेळात केलेली ती चकती. आईने कसली चौकशी केली नाही, नुसती सोऱ्यात टाकली. अण्णांनी दारातून विचारलं, "बसली?" गेटवरच्या वॉचमनला त्या दिवाळीत आठ चकल्या गेल्या, आणि पुढे दर दिवाळीला, कंपनी असेपर्यंत. त्या चकल्यांना जो काटा यायचा तसा मी पुन्हा पाहिला नाही. हे मी उगाच म्हणत नाही, आठ टोकांचा काटा वेगळाच तळला जातो, टोकं आधी लाल होतात.

भाच्याला घरी येऊन मी हे सांगितलं. सांगायला नको होतं, कारण तो म्हणाला, "दाखव."

मसाल्याच्या जुन्या डब्यातून काढली. काळपट झालेली. त्याने चिंच लावून घासली, मुलाला त्या बाबतीत हात आहे. मग ओट्यावरचा माझा स्टीलचा सोऱ्या घेतला आणि चकती आत टाकली. ती डुगडुगली. त्याने लगेच व्हर्नियर काढला, तो हल्ली खिशातच असतो.

"दोन पॉइंट चार कमी पडतायत," म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "मावशी, हिलापण एक रिंग करून घेऊ की! तेच मिस्त्री देतील. फूड ग्रेड स्टीलची. फर्स्ट क्लास बसेल."

बसेल, मला माहीत होतं. सकाळी दिली तर संध्याकाळी मिळेल.

"नको," मी म्हटलं. "ती ह्याची नाहीये."

"मग कशाची?"

"त्या पितळी सोऱ्याची. तो तुमच्याकडे आहे. माळ्यावर असेल. आईच्या मागे भांडी वाटली तेव्हा सोऱ्या तुझ्या आईकडे गेला आणि चकती चुकून मसाल्याच्या डब्यात माझ्याकडे आली."

तो चकती अंगठ्याने फिरवत राहिला. आठ टोकं मोजली असावीत. बहिणीचे आणि माझे निरोप हल्ली त्याच्याकडूनच जातात, त्यामुळे असल्या वेळी काय विचारायचं नाही हे त्याला कळतं. तरी त्याने विचारलं.

"आईला माहितीये, चकती तुझ्याकडे आहे ते?"

"माहितीये," मी म्हटलं, आणि चहा टाकला.