फरदड

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या दुपारी भिंतीवरचं कॅलेंडर खाली येतं आणि जानेवारीचं पान हमखास उलटून पाहिलं जातं. मागच्या कोऱ्या बाजूला यादी असते. विहिरीतला गाळ काढणे. सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत. खालच्या वावरात पाणी साचतं तिथे चर. खर्रा बंद. अक्षर मोठं, ठसठशीत. मार्चनंतरच्या पानांवर मात्र दुधाचे लिटर आणि मजुरांच्या रोजाच्या खुणा, बाकी काही नाही.

तसं गावात साल एकदाच संपत नाही. ३१ डिसेंबर मोबाइलवाल्यांचा, ३१ मार्च सोसायटीच्या सचिवाचा, आणि सालगड्याचं साल फिरतं गुढीपाडव्याला. एका तारखेला हिशेब जुळला नाही तर पुढची आहेच. सप्टेंबरभर पावसानं उघडीप दिली नाही, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, कपाशीची पाती, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळून सऱ्यांत पडली, असं साल असलं की ही सोय फार कामी येते.

अशा सालाच्या शेवटी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायची की ठेवायची, हा खरा प्रश्न. नियम साधा आहे: डिसेंबरअखेर वावर मोकळं करा, फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांचं लांबवलेलं पीक, घेऊ नका. पण एक पाणी दिलं की झाड परत हिरवं होतं, शेंड्याला पात्या लागतात, एकरी दोन क्विंटल तरी निघेल असं वाटतं. निघतं ते बहुतेक कवडी, म्हणजे नीट न फुटलेला हलका कापूस. धागा आखूड, रुईवर डाग, वेचणीची मजुरी मात्र पुरी. आणि मुख्य म्हणजे गुलाबी बोंडअळीला मुक्काम मिळतो. ही अळी जगते ती प्रामुख्यानं कपाशीवर. चार-पाच महिने वावरात कपाशीच नसली की तिची साखळी तुटते. फरदडीत ती तुटत नाही. अळी न फुटलेल्या बोंडात, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत झोपून राहते आणि पुढच्या हंगामात फुलात शिरते. मग डोमकळ्या दिसतात, पाकळ्या आतून चिकटलेल्या, उमलायचं नाव नाही. २०१७ साली विदर्भानं हे भोगलंय. तरी उभ्या झाडाला उपटायचा चिमटा लावताना हात अडखळतोच.

यादीतला खर्रा असाच फरदडीचा. दर जानेवारीला नव्यानं पाणी मिळतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन तळहातावर घोटताना माणूस म्हणतो, हा शेवटचा. आणि घोटणं इतकं सावकाश चालतं की त्यातच संक्रांत येते. गाळाचं निराळं आहे. तो डिसेंबरात निघतच नाही, विहिरीत पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये तळ दिसला की चार दिवसांचं काम. चुकीच्या महिन्यात लिहिलं म्हणून माणसाला आळशी का म्हणायचं?

बोंडअळी मोजायची एक रीत आहे. वावरात तिरपं चालत वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून पाहायची. दोनांत अळी निघाली की दहा टक्के, म्हणजे फवारणीची वेळ. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, म्हणून फोडल्याशिवाय बोलायचं नाही. कॅलेंडरच्या यादीला ही रीत कुणी लावत नाही. लावू नयेच म्हणा, वीस कलमं असतात कुठे.

सगळा कापूस सरकारच विकत घेई, त्या एकाधिकार खरेदीच्या दिवसांत हे सगळं मोठ्यांच्या डोक्यात असे. पोरांच्या वाट्याला कापसानं भरलेली मधली खोली यायची. फळीवरून उडी मारली की कमरेपर्यंत रुतायचं, नाकात सरकीचा तेलकट वास, रात्री अंगभर खाज. मोठी माणसं ओरडायची, कारण कापसात केस नि कचरा गेला की ग्रेडर प्रत खाली लावायचा. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, रात्री गाडीखालीच झोप. आता काट्यावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, बारावर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, परत पाठवते. म्हणून दव सुकल्याशिवाय वेचायला लागू नये. सकाळचा ओला कापूस गाठोड्यात वजनदार लागतो, सगळं नुकसान काट्यावर कळतं.

एकतीस तारखेच्या रात्री लिहिलेल्या याद्यांत ओलावा किती असेल, हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर लागतं. जुन्याची पानं मांडणीतल्या डब्यांखाली जातात, यादीची बाजू वर. आणि वावरात दोन एकर पऱ्हाटी उभीच. विचारलं तर धुऱ्यावरून उत्तर येतं, "शेंड्याले चार बोंडं हायेत ना भाऊ अजून. तेवढी फुटू द्या, मंग उपटू."