बाबांची अँबॅसडर

आज नाशिकला एका गॅरेजच्या कोपऱ्यात पांढरी अँबॅसडर दिसली. टपावर लाल दिवा काढल्याची भोकं, मागच्या काचेला मळका पडदा. बाबांनी आयुष्यभर अशीच सरकारी गाडी चालवली. स्टिअरिंगजवळचा गिअर, सीटवरचा पांढरा टॉवेल... सगळं डोळ्यांसमोर आलं. साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा, पण गाडी घडायची बंगालमध्ये, उत्तरपाड्याला. २०१४ साली तेही थांबलं.

वाजपेयींच्या काळात पंतप्रधानांसाठी चिलखती बीएमडब्ल्यू आली. संसदेवर हल्ला झालेला, तेव्हा ते बरोबरच होतं. जिवाशी खेळ नको. पण तालुक्याच्या दौऱ्यावर निघालेल्या मंत्र्याला परदेशी गाडी कशाला हवी? चाकणला, इथे नाशिकला आपलीच माणसं इतक्या दणकट गाड्या बनवतात!

निघताना बॉनेटवर हात ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता.