अकरा गिगाहर्ट्झवरची खाच

भांडण जुनं होतं. त्या दिवशी दोन्ही पक्ष आमच्या ऑफिसात समोरासमोर बसले होते, एवढंच. एकीकडे हॉर्न अँटेना (रेडिओ लहरींसाठीचा कर्ण्यासारखा अँटेना) मागवणाऱ्या कंपनीतला तरुण इंजिनिअर, दुसरीकडे तो बनवून देणारे भोसरी एमआयडीसीतले वर्कशॉपवाले काका. मध्ये टेबलावर खुद्द हॉर्न: ॲल्युमिनियमचा, चौकोनी तोंडाचा. आत चार बाजूंनी चार रिज, म्हणजे धातूच्या वक्र पट्ट्या, आलेल्या, घशापाशी एकमेकींच्या जेमतेम मिलिमीटरभर जवळ आणि तोंडाकडे फाकत गेलेल्या. 2 ते 18 गिगाहर्ट्झ, उभं आणि आडवं अशी दोन्ही पोलरायझेशन (लहरींच्या कंपनाच्या दिशा), त्यासाठी मागच्या अंगाला केबल जोडायचे दोन एसएमए कनेक्टर.

मोजणीत सगळं ठीक होतं, फक्त 11 गिगाहर्ट्झच्या आसपास समोरच्या दिशेचा गेन, म्हणजे तिकडे झोत किती एकवटतो त्याचं माप, एकदम खाली कोसळत होतं. अरुंद, खोल खाच. नेमक्या तिथेच दोन पोर्टमधलं, म्हणजे दोन कनेक्टरमधलं, आयसोलेशनही बिघडत होतं: एकाची ऊर्जा दुसऱ्यात झिरपत होती.

"सिम्युलेशनच्या रिपोर्टमध्ये हे कुठेच नाही," इंजिनिअर म्हणाला. "म्हणजे मशीनिंगचाच दोष."

"मॅडम, चारही रिज वायरकटवर, तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, काढल्यात," काका म्हणाले. "पॉइंट झिरो टू एमएमच्या बाहेर काही सापडलं तर सांगा. सीएमएमचा, मापं तपासणाऱ्या मशीनचा, रिपोर्ट सोबत दिलाय." त्यांचं बिल याच खाचेत अडकलं होतं.

सिम्युलेशनचा रिपोर्ट एका तिसऱ्याच कन्सल्टंटचा होता. आलेख बघितले आणि मला मशीनिंगपेक्षा त्यांचाच संशय आला. रिजवाल्या हॉर्नचा आलेख इतका गुळगुळीत सहसा नसतो. ईएमसी लॅबमध्ये (उपकरणांचा एकमेकांना होणारा विद्युत-चुंबकीय त्रास तपासतात तिथे) सर्रास वापरतात तो 1 ते 18 गिगाहर्ट्झचा दोन रिजचा हॉर्न घ्या. 12 च्या वर त्याचा मुख्य झोत फाटतो, आणि झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 साली सिम्युलेशन करूनच ते दाखवून दिलं होतं. इथे तर चार रिज. आणि क्रॉस-पोलरायझेशन, म्हणजे नको त्या दिशेच्या कंपनाची गळती? जवळजवळ शून्य. प्रत्यक्षातली कुठलीही वस्तू इतकी सोवळी नसते.

मूळ फाइल उघडली. स्क्रीनवर हॉर्नचा पाव भाग आला. काका खुर्ची ओढून जवळ आले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यात भोकं कुठायत? पिनांसाठी आम्ही दोन भोकं मारलीत, एक पुढे, एक थोडं मागे. एकाच जागी मारली तर पिना एकमेकींना चिकटतील ना."

सगळं प्रकरण तिथेच होतं. कन्सल्टंटने कनेक्टर काढलेच नव्हते. दोन रिजच्या फटीत सॉफ्टवेअरमधला नुसता आदर्श पोर्ट ठेवला होता, आणि मॉडेल दोन सममितीच्या पातळ्यांनी कापलं होतं: आडवी पातळी विद्युत भिंत, उभी पातळी चुंबकीय भिंत. असं केलं की मेश, म्हणजे गणितासाठी पाडलेलं बारीक चौकटींचं जाळं, पाव होतो, रन पटकन संपतो. सुरुवातीला रिजचा वक्र ठरवताना मीही हेच करते. पण या दोन भिंती म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेली सक्त ताकीद असते: वरच्या आणि खालच्या रिजचं व्होल्टेज नेहमी विरुद्धच असणार, दुसरं काही घडणारच नाही.

खऱ्या हॉर्नमध्ये कोॲक्सची (कनेक्टरमधून आत येणाऱ्या केबलची) बाहेरची नळी एका रिजला टेकते आणि मधली पिन फट ओलांडून समोरच्या रिजमध्ये शिरते. म्हणजे फीड, ऊर्जा आत सोडणारी जोडणी, मुळातच एकतर्फी. त्यामुळे हव्या असलेल्या टीई11 मोडसोबत (मोड म्हणजे आतल्या क्षेत्राची एक ठरावीक मांडणी) टीई21 सारखा मोडही थोडाफार जागा होतो, ज्यात वरची-खालची रिज एका व्होल्टेजवर आणि डावी-उजवी त्याच्या विरुद्ध. रिज जितक्या जवळ आणाल तितका या मोडचा कटऑफ (ज्या फ्रिक्वेन्सीखाली मोड पुढे जाऊ शकत नाही ती) टीई11 च्या कटऑफजवळ सरकतो, म्हणून त्याला अडवायला मार्ग उरत नाही. या मोडचं समोरच्या दिशेला, ऐन मध्यावर, शून्य असतं. आणि तो दोन्ही पिनांना सारखाच ओळखीचा असल्यामुळे एका पोर्टची ऊर्जा दुसऱ्यात पोचते.

हे तोंडी सांगून इंजिनिअरला पटलं नाही, आणि पटायचं कारणही नव्हतं. मग अख्खा हॉर्न, दोन्ही कनेक्टर, टेफ्लॉन, पुढे-मागे असलेल्या पिना, सगळं मॉडेलमध्ये घातलं. फटीत आणि पिनांभोवती मेश बारीक केला. जेवणाआधी जीपीयूवर रन लावला.

परत आलो तेव्हा आलेख यायच्या आधीच उत्तर दिसत होतं. टाइम डोमेन सॉल्व्हरमध्ये, म्हणजे क्षणाक्षणाने गणित करणाऱ्या पद्धतीत, पल्स सोडल्यावर आतली ऊर्जा उतरत जायला हवी. −40 डेसिबलला पोचली की गणित थांबतं. इथे ती वाटेतच अडकून लहरत बसली होती. घशात आणि त्याच्या मागच्या बंद पोकळीत काहीतरी घुमत होतं. रन संपल्यावर 11 च्या जवळचं क्षेत्राचं चित्र उघडलं: चारही रिजच्या मधल्या कोपऱ्यांत लाल डाग, ऐन मध्यावर काहीच नाही. गेनची खाच मोजणीतल्या खाचेच्या शेजारीच पडली होती.

इंजिनिअर बराच वेळ दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून बघत होता. मग त्याने योग्य तोच प्रश्न विचारला: आता करायचं काय?

पोकळीची खोली कमी करून बघितली, खाच वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकली पण गेली नाही. पोकळीच्या तळाशी धातूचा छोटा शंकू बसवला तेव्हा ती बरीच उथळ झाली. त्याची किंमत खालच्या टोकाला मोजावी लागली: 2 गिगाहर्ट्झवर व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे किती ऊर्जा परत फिरते त्याचा आकडा, 2 च्या वर गेला. खरा इलाज समोरासमोरच्या दोन्ही रिजना उलट फेजमध्ये फीड देणं, पण त्याला हायब्रिड (सिग्नल दोन वाटांत विभागणारे भाग) लागतात, जागा लागते, पैसे लागतात. इंजिनिअरने कुणाला तरी फोन केला आणि सांगितलं की त्यांचं काम 3 च्या वरच आहे, शंकू चालेल.

काकांनी मापं कागदावर उतरवून घेतली. "लेथवरचं काम आहे, उद्या देतो. याचं बिल मात्र वेगळं."

"दोन्ही एकदमच पाठवा," इंजिनिअर म्हणाला.

"नाही. आधी जुनं."