जुना डेस्कटॉप लिनक्सवर नेण्यापूर्वी चिपची चौकशी करा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली, आणि नागपुरातील कितीतरी घरांत, शिकवणी वर्गांत व लहान कार्यालयांत उत्तम चालणाऱ्या डेस्कटॉपांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चौथ्या किंवा सहाव्या पिढीची यंत्रे, जी एसएसडी बसवली की आजही पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेटसाठी पुरून उरतात, नियमाने बाद ठरतात. अशी यंत्रे लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर नेण्यासाठी ओळखीचे लोक मला बोलावतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘याच्यावर लिनक्स चालेल का?’ अनुभवावरून माझे स्पष्ट मत झाले आहे, की हा प्रश्न अख्ख्या संगणकाविषयी विचारून समाधानकारक उत्तर मिळत नाही; तो आतील एकेका चिपविषयी विचारावा लागतो.

याचे कारण लिनक्सच्या रचनेत आहे. बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम, कर्नेलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतात. मदरबोर्डच्या पीसीआय मार्गावर किंवा यूएसबीवर जोडलेले प्रत्येक उपकरण स्वतःचे दोन क्रमांक सांगते, एक निर्मात्याचा आणि दुसरा उपकरणाचा. कर्नेल ते आपल्या यादीशी ताडून योग्य ड्रायव्हर चढवतो. इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६ आहे, म्हणजे त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ या पर्यायासह (lspci -nnk) दिली, की हे क्रमांक आणि त्याखाली वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. नेटवर्क, ध्वनी किंवा ग्राफिक्सच्या ओळीखाली ड्रायव्हरचे नाव नसेल, तर अडचण नेमकी कुठे आहे ते तिथेच कळते.

जुन्या कार्यालयीन डेस्कटॉपच्या बाबतीत ही यादी बहुधा निर्विघ्न असते. एच६१ किंवा एच८१ चिपसेटच्या यंत्रात प्रोसेसरमधलेच इंटेलचे ग्राफिक्स, मदरबोर्डवर रिअलटेकचे लॅन (तारेचे नेटवर्क) आणि साधा एचडी ऑडिओ असतो, आणि हे सगळे काही न करता सुरू होते. उलट नुकताच बाजारात आलेला मदरबोर्ड घेतला आणि त्यावर जुन्या कर्नेलची लिनक्स आवृत्ती टाकली, तर लॅन किंवा वाय-फाय दिसत नाही, असे होऊ शकते. लिनक्ससाठी यंत्र घेणाऱ्याने दोन-तीन वर्षे जुनी रचना निवडावी, असे मी आवर्जून सांगतो.

खरी पंचाईत यूएसबी वाय-फाय डोंगलची आहे. खोक्यावरील नाव इथे काहीच सांगत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, जी लिनक्सवर निमूट चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि ड्रायव्हरच बदलला. नाव तेच राहिले, म्हणून लेबलावरील बारीक अक्षरांतील आवृत्ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही डोंगल तर जोडल्यावर आधी सीडी ड्राइव्ह असल्याचे सांगतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. ‘यूएसबी मोडस्विच’ या प्रोग्रॅमने त्यांना वाय-फायच्या रूपात आणावे लागते. वाय-फायच्या अनेक चिपांना वेगळे फर्मवेअरही, म्हणजे चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअरही लागते. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने २०२२ मध्ये मतदान घेऊन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. त्याआधी इंटरनेटसाठी फर्मवेअर आणि फर्मवेअरसाठी इंटरनेट, असा पेच असे. जिथे लॅनची तार नेता येते तिथे ती न्यावी. डेस्कटॉप काही जागचा हलत नाही.

ग्राफिक्स कार्डात एएमडीचे काम सरळ आहे, कारण त्यांचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे. एनव्हीडियाने मे २०२२ मध्ये कर्नेल मॉड्यूल खुले केले, पण ते कार्डांच्या ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांसाठी. ट्युरिंगच्या बऱ्याच आधीच्या केप्लर पिढीची कार्डे ४७० या शाखेच्या ड्रायव्हरवरच थांबली आहेत. त्यांच्यासाठी ‘नूव्हो’ हा समुदायाने घडवलेला ड्रायव्हर वापरावा, आणि प्रोसेसरमध्ये इंटेलचे ग्राफिक्स असेल तर कार्ड काढूनच ठेवावे.

सीताबर्डीच्या बाजारात वापरलेला संगणक घ्यायला जाताना खिशात लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स सुरू करणारा, असू द्यावा. ‘भाऊ, यावरून एकदा सुरू करून पाहू का?’ असे नीट विचारले, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. तिथेच आवाज, पुढचे-मागचे सर्व यूएसबी पोर्ट, लॅन आणि झोपवून पुन्हा जागे होणे तपासावे. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, साठवणुकीची पद्धत ‘रेड’वर (RAID) आहे का ते पाहून ती ‘एएचसीआय’ (AHCI) करावी. मात्र आतील विंडोज ठेवायचे असेल तर आधी विंडोजमध्ये त्याची तयारी केल्याशिवाय हा बदल करू नये, नाहीतर ते सुरूच होत नाही.

प्रिंटरचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात, तो सर्वांत आधी व्हायला हवा. एचपीचा लेझरजेट १०२० आपले फर्मवेअर साठवून ठेवत नाही. दर वेळी वीज आली की संगणकाने ते त्याला पुन्हा पाठवावे लागते, आणि लिनक्सवर त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हर-संचाचे जादा प्लगइन टाकावे लागते. एकदा बसले की छपाई व्यवस्थित होते. एअरप्रिंट ही ड्रायव्हरविना छपाईची पद्धत समजणाऱ्या नव्या प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणून नवा घ्यायचाच असेल तर तोच घ्यावा. टॅलीवर चालणाऱ्या कार्यालयाने मात्र एक विंडोज यंत्र राखूनच बाकीची हलवावीत.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा यंत्राचे तापमान दिसलेच पाहिजे. इंटेल प्रोसेसरचे तापमान ‘कोअरटेम्प’ हा ड्रायव्हर देतो, पण पंख्याचा वेग मदरबोर्डवरील वेगळी चिप मोजते; ती नुव्होटनची असेल तर बहुधा आकडा मिळतो, आयटीईची असेल तर कधी मिळतो, कधी नाही. न मिळाल्यास तो बायॉसमध्ये पाहून घ्यावा, आणि मार्च संपण्यापूर्वी कॅबिनेट उघडून धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.