बेस रेकॉर्डिंग, आठवडा तिसरा: चादरी उतरवल्या

घरीच बेस गिटार रेकॉर्ड करतोय. गेल्या वेळी कौतुकाने लिहिलं होतं की भिंतींवर चादरी टांगल्यात. सोलापुरात चादरींना काय तोटा! घरातल्या पाच जुन्या, जाडजूड काढल्या आणि पलीकडच्या मागांची खटखट रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून चारी बाजूंनी लावल्या. उपयोग शून्य. बेस केबलमधून थेट इंटरफेसमध्ये (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीत) जातो, मध्ये माईकच नाही, मग माग ऐकू येणार कुणाला? खिळे ठोकताना हे सुचलं नाही. स्पीकरवर ऐकतानाही फरक नाही. सुट्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. माझी खोली दहा बाय बारा फूट. चादर तिला काय अडवणार!

खरा त्रास होता गुणगुणीचा. तारांवर हात ठेवला की थोडी कमी, सोडला की पुन्हा सुरू. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून इक्वलायझरवर (हव्या त्या हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) नेमकी ५० ला खोल खाच मारली, म्हणजे तेवढाच आवाज कापला. गुणगुण बरीच गेली, मी खूश. मित्राला ट्रॅक पाठवला तर म्हणतो, "का बे, बेसवाला मधूनच चहा प्यायला जातो काय?" परत ऐकलं. गाणं जी मेजरमध्ये, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीचा) जी बरोबर ४९ हर्ट्झला. म्हणजे गाण्याचा मूळ सूरच मी कापून टाकला होता.

खाच काढली आणि रविवारी घरभर चोर शोधत बसलो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर बारीक किणकिण गेली. आता टेक घेताना बॅटरीवरच. पण मोठा चोर निघाला पंख्याचा गोल बटणाचा रेग्युलेटर. पंखा मंद केला की करकर सगळ्यात जास्त, फुल सोडला की जवळजवळ गायब. आईचं उलटंच, "एवढा जोरात कशाला रे, पडदे उडतायत." खुर्ची पाव फेरा फिरवून बसलो तर आणखी कमी. शिवाय माझ्या बेसच्या दोन सिंगल कॉइल पिकअपचे (तारांचं कंपन टिपणारी चुंबकावरची तारेची गुंडाळी) व्हॉल्यूम सारखे ठेवले की दोघांची गुणगुण एकमेकांना खाते. एकच पिकअप वापरायचा हट्ट होता, तो सोडला.

बाकी सेटिंग थोडक्यात. इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबायचं. पहिल्या आठवड्यात ते राहिलं आणि सगळं गोणपाटातून वाजल्यासारखं आलं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात जोरात वाजवलं तरी रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर नाही. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे देतो) १२८, त्याहून जास्त ठेवला की बोट आणि आवाज यांची फारकत होते. कॉम्प्रेसर (जोरातला आवाज दाबून सारखा करणारा) चारास एक, तोही रेकॉर्डिंगनंतर. ३० हर्ट्झच्या खालचं कापलं.

काल रात्री मुखडा चौथ्या टेकला जमला. दुसऱ्या अंतऱ्यात माझं तिसरं बोट अजून उशिरा पोचतं, ते सेटिंगने सुटणारं नाही.

चार चादरी धुऊन परत कपाटात गेल्या. पाचवी ठेवलीय: कपाटावरची पत्र्याची ट्रंक स्पीकरवर जी वाजला की झणझणते, तिच्याखाली घडी करून.