पगाराची स्लिप नसताना क्रेडिट कार्ड घेतलं, त्याचा माझा अनुभव

मी पुण्यात धनकवडीला घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको सगळं, चौदा वर्षं झाली. क्रेडिट कार्ड कशाला हवं होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी दीड-दोन महिने माझ्याकडचे पैसे नुसते जात असतात, अस्तर, लेस, लटकन, बकरम, दोरे, आणि बायका पैसे देतात ते कार्यक्रम झाल्यावर. मग रविवार पेठेतनं उधारीवर माल उचलायचा. उधारीचा भाव वेगळा असतो, जे अस्तर रोखीत ३८ रुपये मीटर तेच उधारीत ४२. दुकानदार चांगला आहे, कधी तगादा लावत नाही, पण मीटरमागे चार रुपये म्हणजे दहा टक्क्यांच्या वर गेलं ना.

मिस्टरांचं कार्ड आहे, त्यावर माझं अ‍ॅडऑन कार्ड काढून झालं होतं. ते मला पटलं नाही. बिल त्यांच्या नावावर, लिमिट त्यांच्यातलीच, आणि मी कितीही वेळेवर पैसे भरले तरी त्याची नोंद होणार त्यांच्या खात्यात. माझ्या नावावर काहीच जमा होत नव्हतं आणि मला ते हवं होतं.

२०२३ च्या मे महिन्यात मी तीन ठिकाणी अर्ज केले, एकाच महिन्यात, आणि तिन्ही रिजेक्ट झाले. दोन बँकांनी कारणच सांगितलं नाही, एकीनं सांगितलं की क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधी कर्ज घेऊन फेडल्याची नोंद, नाही. भाचा हिंजवडीत कामाला आहे, तो म्हणाला मावशी तू आधी मला विचारायचं होतंस, प्रत्येक अर्जाची चौकशी आपल्या कर्जाच्या रिपोर्टवर दिसते आणि थोड्या दिवसांत तीन-चार दिसल्या की पुढची बँक म्हणते ह्यांना पैशाची फार घाई दिसतेय. त्यानं मला सिबिलचा रिपोर्ट काढून दाखवला, वर्षातनं एकदा तो फुकट मिळतो, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क ह्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडे. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण माझ्याकडे आकडाच नव्हता, कारण आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही. मला वाटायचं कर्ज नाही म्हणजे आपण एकदम चोख, पण बँकेच्या दृष्टीनं तुम्ही चोख पण नाही आणि वाईट पण नाही, तुमच्याबद्दल काही माहितीच नाही.

मग रस्ता निघाला तो एफडीवरच्या कार्डाचा. माझं खातं आहे त्याच बँकेत ३०,००० ची एफडी केली, त्याच्या ९० टक्के म्हणजे २७,००० लिमिटचं कार्ड मिळालं. उत्पन्नाचा कागद मागितला नाही, एफडीचं व्याज चालूच राहतं, फक्त कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या बायकांना हा मार्ग कुणी सांगत नाही, आणि खरं तर हाच सगळ्यात सोपा आहे. मिस्टरांना आधी वाटलं आपलेच पैसे अडकवून आपल्यालाच उधारी कशाला, पण ते ३०,००० मी उधारीसाठी अडकवलेच नव्हते, नाव तयार करायला अडकवले होते.

इथे माझी एक मोठी चूक झाली, ती नीट लिहिते कारण हे कळायला मला दीड हजाराच्या आसपास पैसे गेले. ऑक्टोबरमध्ये बिल आलं १८,४०० चं. बिलावर खाली मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, ९२० लिहिलेलं. त्या महिन्यात मुलाच्या क्लासची फी होती, म्हणून मी ९२० भरले आणि निवांत झाले, मला खरंच वाटलं की उरलेल्या १७,४८० वरच महिन्याचं व्याज लागेल. पुढचं बिल आलं तर व्याज १,१५१ आणि त्यावर जीएसटी २०७. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले, जुळेच ना. भाच्याला फोन लावला तेव्हा कळलं की पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, बिलाच्या तारखेपासून नाही, आणि त्यानंतर मी जे ६,००० चं सामान घेतलं त्याला पण बिनव्याजी दिवस मिळाले नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. दर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. रविवार पेठेतला दुकानदार परवडला. तेव्हापासून मी ऑटो-डेबिट लावलं आणि ते लावताना टोटल ड्यू निवडलं, मिनिमम नाही, हे बघायलाच हवं कारण दोन्ही पर्याय तिथे असतात.

दुसरी गोष्ट लिमिटची. २७,००० मधले १८,४०० वापरले म्हणजे ६८ टक्के झाले. भाच्याचं म्हणणं, तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवायचा, जास्त वापरलं की स्कोअरला त्रास होतो, वेळेवर भरलं तरी. म्हणून लिमिट मोठी असणं चांगलं असतं, खर्च वाढवायला नाही, टक्का कमी दिसायला. हे मला आधी उलटं वाटायचं, कमी लिमिट म्हणजे सुरक्षित असं.

सव्वा वर्षानी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, रिपोर्ट काढला तर स्कोअर आला ७६१. मधल्या काळात पद्मावतीच्या एका सीएंकडून दोन वर्षांचे रिटर्न पण भरून घेतले होते. टॅक्स काहीच बसत नाही, पण रिटर्न हाच आपला पगाराचा कागद. छोट्या धंद्यांसाठी तेव्हा जे ४४एडी कलम होतं त्यात ते भरलं, त्यात हिशेबाच्या वह्या दाखवाव्या लागत नव्हत्या, रोखीच्या जमेवर ८ टक्के आणि यूपीआय-बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के किमान नफा धरायचे. तुमचा खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा, माझा सगळा मेहनतीचाच धंदा आहे, मी ३ लाख २० हजार दाखवलं.

आता एफडीशिवाय कार्ड मागता येण्याजोगं झालं, म्हणून खरी तुलना सुरू झाली. सगळ्यात आधी मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले होते आणि डोकं भंजाळून गेलं, हे कार्ड लाउंज देतं, ते कार्ड गोल्फ देतं. आम्ही गावाला जातो ती एसटीनं आणि वर्षातनं एखादी रेल्वे, लोहगावच्या विमानतळावरच्या लाउंजचं मी काय करू. म्हणून सगळं बंद केलं आणि ऑर्डरची वही असते त्याच्या मागच्या पानांवर तीन महिन्यांचा खर्च लिहिला. महिन्याला रविवार पेठ साधारण १०,०००, डी-मार्ट ५,५००, ऑनलाइन ३,००० त्यातले २,००० अ‍ॅमेझॉनवर, लाइट बिल १,८००, औषधं, पेट्रोल.

पेट्रोलचं आधी सांगते कारण त्यात मी फसणार होते. पेट्रोलवर सरचार्ज माफ असं जवळपास प्रत्येक कार्डावर लिहिलेलं असतं, पण ती माफी बऱ्याच कार्डांवर ४०० रुपयांच्या पुढच्या बिलालाच असते. माझी अ‍ॅक्टिव्हा, मी दोनशे-तीनशेचं भरते. म्हणजे तो फायदा माझ्यासाठी नाहीच, उलट कार्डानं भरलं तर एक टक्का वरनं जाईल. फायदा कागदावर असतो आणि आपल्याला लागू होत नाही, असं बऱ्याच ठिकाणी निघालं. लाइट बिलावर, शाळेच्या फीवर, घरभाड्यावर पॉइंट नाहीत असं बारीक अक्षरात असतं.

मग दोन कार्डं उरली. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड, मी बघितलं तेव्हा वर्षाची फी ९९९ अधिक जीएसटी म्हणजे ११७९, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का, वर्षात २ लाख खर्च केला की फी माफ. आणि अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय, त्याला कधीच फी नाही, प्राइम, म्हणजे त्यांची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप, असेल तर अ‍ॅमेझॉनवर ५ टक्के, नसेल तर ३, बाकी बहुतेक ठिकाणी १. आपल्याकडे प्राइम नाही. मी वहीत मांडलं. एसबीआयवर ऑनलाइन ३६,००० चे १,८०० आणि डी-मार्टच्या ६६,००० चे ६६०, त्यातनं फी ११७९ वजा, हातात १,२८१. आयसीआयसीआयवर अ‍ॅमेझॉनच्या २४,००० चे ७२०, बाकी ऑनलाइनचे १२०, डी-मार्टचे ६६०, एकूण १,५००. पाच टक्के मोठं दिसतं पण माझ्या खर्चाला फुकटचं कार्ड पुढे निघालं, दोनशे-सव्वादोनशेनी. तुमचा ऑनलाइन खर्च महिन्याला पाच-सात हजार असेल तर हिशेब उलटा होईल, म्हणून दुसऱ्याचं बघून घेऊ नका, वही काढा.

पण हे सगळं करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्यात मोठा खर्च, रविवार पेठेचे १०,०००, ह्या दोन्हीत बसतच नाही. तिथे कार्ड स्वाइप करायचं म्हटलं तर म्हणतात ताई दोन टक्के वर लागतील, नाहीतर मशीनच नाही. तिथे चालतो तो क्यूआर. आणि यूपीआयला जोडता येतं ते रुपेचं (व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण आपलं भारतीय) क्रेडिट कार्ड, २०२२ पासून ही सोय आहे. म्हणजे मी दोन आठवडे जे टक्के मोजत होते ते वर्षाचे दीड हजार होते, आणि उधारीऐवजी रोखीच्या भावानं माल घेतला तर सीझनच्या पाच महिन्यांतच महिन्याला हजारभर वाचतात. दुकानदाराला पैसे लगेच मिळतात, मला चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी द्यायचे. माझ्यासाठी कार्डाचा फायदा पॉइंट हा नव्हताच, दिवस हा होता.

म्हणून शेवटी एका बँकेचं फी नसलेलं रुपे कार्ड घेतलं. भाचा म्हणत होता मावशी अ‍ॅमेझॉनचं पण घे, फुकटच आहे, पण मला एक बिल, एक तारीख हवी, दोन बिलांत एक चुकलं की वर्षाची कमाई गेली.

अर्ज सरळ झाला नाही. आधारवर माझा पत्ता अजून सासवडचा, माहेरचा. तो बदलायला आधार केंद्रावर सकाळी जाऊन बसले, बदल व्हायला वेळ गेला, मग व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख तपासणं. पहिल्यांदा कॉल कट झाला, दुसऱ्यांदा म्हणाले पॅनवर उजेड पडतोय, नंबर दिसत नाही, तिसऱ्यांदा गॅलरीत उभी राहून केलं तेव्हा झालं. लिमिट आली ६०,०००.

मध्ये एक प्रकार झाला. फोनवरून एका मुलीनं लाइफटाइम फ्री म्हणून दुसऱ्याच बँकेचं एक कार्ड गळ्यात मारलं, मी हो म्हणून बसले, आणि पाकिटातल्या अटींच्या कागदावर होतं की पहिलं वर्ष फुकट, पुढे ४९९ अधिक जीएसटी. मी ते चालूच केलं नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीस दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर बँकेनं ओटीपी घेऊन तुमची परवानगी मागायची, तुम्ही दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत काही पैसे न लावता बंद करायचं. मला फोन आला, मी नाही म्हटलं, बंद झालं. चालू कार्ड बंद करायला पण कामकाजाचे सातच दिवस आहेत, बिलाची थकबाकी नसताना त्यापेक्षा उशीर झाला तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. कस्टमर केअरशी बोलताना हे माहीत असलं की आवाज बदलतो.

रविवार पेठेत एवढं लक्षात ठेवावं लागतं की क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा. एका ठिकाणी मालकाच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर चिकटवला होता, तिथे क्रेडिट कार्डनं पैसे जातच नाहीत. आणि दोन हजाराच्या वरच्या पेमेंटला दुकानदाराच्या पैशातनं कट जातो, म्हणून ते कुरकुरतात, त्यांचंही बरोबर आहे. मी आठवड्यात दोन फेऱ्या मारतेच, दीड-पावणेदोन हजाराचाच माल घेते. बिलाची तारीख मी मागून ५ करून घेतली, म्हणजे ६ ते १० मधल्या खरेदीला सगळ्यात जास्त बिनव्याजी दिवस मिळतात, जमेल तेवढा माल तेव्हाच आणते.

एफडीचं जुनं कार्ड बंद केलं नाही, माझी सगळी हिस्टरी तिथनं सुरू होते. त्यावर महिन्याला एक मोबाइल रिचार्ज करते आणि भरून टाकते. मागच्या महिन्यात रुपे कार्डाच्या बँकेचा मेसेज आला, लिमिट १ लाख १० हजार करायची का. आपण हो म्हटल्याशिवाय ते वाढवू शकत नाहीत. मी हो म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी अ‍ॅपमध्ये जाऊन रोजच्या वापराची मर्यादा ४,००० वर आणून ठेवली.