अकरा बेचाळीस

रात्री एक लेख संपवायला बसलो होतो. मधूनमधून नजर स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जायची. ११:४२. छान, बाराच्या आत उरकतंय. एक परिच्छेद लिहिला, त्यातली दोन वाक्यं खोडली, पुन्हा पाहिलं. ११:४२. आज हात बरा चालतोय, असं वाटून जरा फुशारलोही. अख्खं पान झाल्यावर पाहिलं तरी ११:४२च. तेव्हा कुठे शंकेची पाल चुकचुकली. मनगटावरचं घड्याळ बघितलं, तर बारा केव्हाच वाजून गेले होते. माझेही.

टास्कबार, म्हणजे हे घड्याळ आणि स्टार्टचं बटण असलेली स्क्रीनच्या तळाची पट्टी, अडकला होता. माउस खाली नेला की बाणाचं गरगरणारं निळं कडं व्हायचं, वर आणला की पुन्हा बाण. स्टार्टचं बटण दहा-बारा वेळा दाबलं. बंद पडलेल्या लिफ्टचं बटण माणूस ज्या श्रद्धेने दाबतो, तशाच. गंमत म्हणजे लेखाची खिडकी ठणठणीत होती. अक्षरं पटापट उमटत होती. आधी कंट्रोल-एस दाबून लेख जपून ठेवला आणि मग रीतसर घाबरलो.

टास्कबार गायब होण्याचे प्रकार मला तोंडपाठ आहेत, कारण बहुतेक माझ्याच हातून घडलेत. ब्राउझरमध्ये चुकून एफ-११ दाबलं की पान सगळा स्क्रीन व्यापतं आणि पट्टी त्याच्यामागे जाते. तेच बटण पुन्हा दाबलं की परत. सेटिंगमध्ये आपोआप लपण्याची सोय चालू झाली असेल, तर माउस तळाशी टेकवला की ती बिळातून डोकावते. जुन्या विंडोजमध्ये तर पट्टी ओढून स्क्रीनच्या कडेला उभी करता यायची, नाहीतर दाबून दाबून दोऱ्याएवढी बारीक. पण हे सगळे रुसवे. समोर असून ओ न देणं, हा प्रकार नवा होता.

एकेकाळी ही पट्टी नव्हतीच. विंडोज ३.१ मध्ये खिडकी लहान केली की तिचं चित्र होऊन स्क्रीनच्या तळाशी पडायचं, वर दुसरी खिडकी आली की त्याखाली झाकलं जायचं, आणि प्रोग्रॅम बंद झाला असं समजून माणूस तोच पुन्हा उघडायचा. टास्कबार आला विंडोज ९५ बरोबर, २४ ऑगस्ट १९९५ ला. काय काय उघडं आहे ते कायम डोळ्यासमोर राहावं, एवढंच त्याचं काम. तेव्हा तो नवखा होता, म्हणून 'सुरुवात करायला इथे क्लिक करा' असं सांगणारा एक बाण स्टार्टच्या बटणाकडे सरकत यायचा. आता तसा बाण आला तर अपमान वाटेल.

शेवटी भाचीला फोन लावला. ती जागीच होती. त्या वयात जागंच असतात.

"मामा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल."

उघडला. मला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी आत चालू होत्या.

"आता त्यात विंडोज एक्स्प्लोरर शोध, त्यावर उजवी क्लिक कर आणि रिस्टार्ट म्हण."

"अगं, पण ते तर फायली बघायचं असतं ना?"

"तेच टास्कबार काढतं. डेस्कटॉपसुद्धा."

इतकी वर्षं मी टास्कबारला कॉम्प्युटरची जमीन समजत होतो. खिडक्या उघडतात, मिटतात, जमीन जागची हलत नाही. आणि ती जमीन या यादीत, बाकीच्या प्रोग्रॅमांच्या पंगतीत, एक ओळ होऊन बसलेली.

"आणि माझा लेख?"

"तो वर्डमध्ये आहे, मामा. त्याला काही होत नाही. फोल्डर उघडे असतील तेवढे बंद होतील."

तरीही बोट थबकलं. बिघडलेली वस्तू मुद्दाम मारून पुन्हा जिवंत करायची, हा उपाय मला अजून अघोरीच वाटतो. डोळे किलकिले करून दाबलं. खालची पट्टी गेली, डेस्कटॉपवरची चित्रं गेली, मागे काळोख, आणि त्यात माझा लेख एकटाच अधांतरी लटकलेला. दोनेक सेकंदच असतील. मग पट्टी तळाशी उगवली, चित्रं एकेक करून जागेवर येऊन बसली आणि घड्याळाने ११:४२ वरून थेट १२:३१ वर उडी मारली.

"आलं का सगळं?" भाचीने विचारलं.

घड्याळाशेजारच्या बारक्या चिन्हांत एक कमी वाटत होतं. कुठलं, ते काही केल्या आठवेना.